लाकडाची खोड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत झाडाच्या बुंध्याला खोड म्हणतात आणि माणसाला जडलेल्या सवयीलाही खोडच म्हणतात. फरक एवढाच, की झाडाचं ते खोड आणि माणसाची ती खोड. माणसाच्या बाबतीत आपण म्हणतो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. लाकडाच्या बाबतीत ही म्हणसुद्धा अपुरी पडते. झाड तोडलं, चिरलं, त्याची फळी झाली, ती फळी पन्नास-साठ वर्षं कुणाच्या तरी छतात राहिली, तरी तिची खोड जात नाही. जिथं फांदी फुटली होती तिथं गाठ असते. खोडात पीळ पडला असेल तर फळीतही तो उतरतो. आणि पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात आकसायचं हे तर लाकूड कधीच सोडत नाही.

या खोडी वरून दिसल्या असत्या तर काहीच अडचण नव्हती. पण बऱ्याचशा आत दडलेल्या असतात आणि काम अर्ध्यावर आलं की डोकं वर काढतात. सुताराला त्याची सवय असते. पण सुट्टीच्या दिवशी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून घरी काही करायला घेतलेल्या आई-बाबांची मात्र अशा वेळी पंचाईत होते. फळी फुकट जाते, त्याहून वाईट म्हणजे लेकराचा विरस होतो, आणि कधी कधी इजाही होते. म्हणून आज या लपलेल्या दोषांविषयी बोलू. ते आधी कसे ओळखायचे आणि मध्येच सापडले तर काय करायचं, एवढाच विषय आहे.

माळवदाचं लाकूड

आपल्या परभणी जिल्ह्यात असं काम करायला लाकूड विकत आणावं लागतंच असं नाही. जुन्या घरांच्या परसात, गोठ्याच्या आढ्याला, जिन्याखाली ते पडून असतं. ही बहुतेक माळवदाची देणगी. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी ही घरं. घर किती मोठं ते खोल्यांवरून नव्हे, तर खणांवरून सांगायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांत दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. मातीच्या जड छताखाली झोपण्याची भीती तेव्हापासून मराठवाड्यात अनेकांच्या मनात बसली. शिवाय दरवर्षी माळवदाची डागडुजी करायला ना वेळ उरला, ना तशी माती टाकणारी माणसं. घरं उतरली, स्लॅब पडले, आणि सागाच्या, कडुनिंबाच्या, बाभळीच्या फळ्या नि कड्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

मुलाबरोबर करायच्या पहिल्या कामाला हे लाकूड उत्तम. ते पूर्ण वाळलेलं असतं, आणि पणजोबांच्या घरातली फळी म्हटलं की मुलाला त्यात रस वाटतो. करायला घ्यावा साधा पाट. दीड फूट लांब, एक फूट रुंद अशी एक फळी आणि तिच्या खाली दोन आडव्या पट्ट्या. जेवायला बसता येतं, आणि भाद्रपदात गणपतीही बसवता येतो. पण ज्या वस्तूवर आजी बसणार आहे किंवा मूर्ती ठेवली जाणार आहे, ती वस्तू मोडून चालत नाही. म्हणून फळी हातात आली की लगेच करवत लावायची नाही. आधी तिची चौकशी करायची.

दोष येतात कुठून?

लाकडाचे दोष तीन वेळांना येतात. हे मुलाला एकदा नीट सांगितलं, की पुढचं सगळं त्याचं त्यालाच समजू लागतं.

पहिली वेळ झाड जिवंत असतानाची. गाठ ही या काळातली. झाडाची फांदी खोडाच्या आतून निघालेली असते. खोड दरवर्षी जाड होतं आणि फांदीचं मूळ आपल्या पोटात घेत जातं. फांदी जिवंत असताना पोटात गेलेली असेल तर गाठ भोवतालच्या लाकडाशी एकजीव होते. फांदी वाळून मेल्यावर गेलेली असेल तर गाठ नुसती बुचासारखी अडकून राहते आणि फळी वाळली की एखाद्या दिवशी टपकन निखळून पडते. तिच्याभोवती काळी कडा दिसली तर ती मेलेली गाठ समजावी. गाठीला वळसा घालताना लाकडाच्या रेषा वाकड्या होतात, आणि फळी मोडते ती बहुधा तिथंच.

याच काळातला दुसरा दोष म्हणजे झाडाने गिळलेला खिळा. बांधावरच्या बाभळीला नाहीतर लिंबाला कुंपणाची तार ठोकलेली आपण नेहमी पाहतो. झाड जाड होत जातं आणि खिळा, तार सगळं आत घेतं. इथं मुलाला एक कोडं घालता येतं. पाच वर्षांपूर्वी जमिनीपासून चार फुटांवर ठोकलेला खिळा आज किती उंचीवर असेल? बहुतेक मुलं म्हणतात, झाड वाढलं म्हणजे खिळाही वर गेला असेल. तसं होत नाही. झाड उंच होतं ते शेंड्याला; खोड फक्त जाड होतं. खिळा चार फुटांवरच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

दुसरी वेळ लाकूड वाळतानाची. ओल्या लाकडातला ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आकसायला लागतं. गंमत अशी, की ते सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. केंद्राकडून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्तुळांच्या दिशेनं आकसतं. या ओढाताणीत लाकूड फाटतं, पिळतं, वाकतं. टोकाकडून ओलावा सगळ्यात लवकर उडतो, म्हणून भेगा टोकांना आधी पडतात. ओंडक्याच्या टोकांना शेणमाती, रंग किंवा मेण लावून ठेवतात ते यासाठीच.

तिसरी वेळ लाकूड घरात वापरलं जात असतानाची. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तिथं ओल धरते आणि लाकूड कुजतं. छत गळतं तिथं बुरशी लागते. वाळवी आतून पोखरते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. आणि पिढ्यान् पिढ्या कंदील, पाळणा, दोरी टांगायला ठोकलेले खिळे डोकं मोडून आतच राहतात.

थोडक्यात, जुनं लाकूड असेल तर खिळा आणि कुज शोधायची. वखारीतून आणलेलं नवं लाकूड असेल तर ओलावा आणि भुंगा शोधायचा.

फळीची झडती

फळी तपासायला कसलंही महागडं साधन लागत नाही. हे काम मुलांच्या हाती द्यावं. एकदा चोर शोधायचा आहे म्हटलं की ती मोठ्यांपेक्षा बारकाईनं पाहतात.

सुरुवात वजनापासून. सारख्या मापाचे दोन तुकडे दोन हातांत घ्या. एकाच जातीच्या लाकडात एक तुकडा फारच हलका लागला तर तो आतून पोखरलेला किंवा कुजलेला असण्याचा संभव आहे. फारच जड लागला तर ओला असू शकतो.

मग आवाज. बाजारात मडकं घेताना आपण बोटानं वाजवून घेतो. फळीही तशीच वाजवावी. हातोडीच्या दांड्यानं दर दोन-तीन इंचांवर हलकं टकटक करत जायचं. चांगलं लाकूड टणक वाजतं. मध्येच आवाज बद्द झाला की तिथं खडूनं खूण करायची.

तिसरा उपाय दाभणाचा. शंका असेल तिथं दाभण खुपसून जरा उचकटून पाहावं. चांगल्या लाकडाची लांब, चिवट कुसळं निघतात. कुजलेलं लाकूड टोस्टासारखं तुकडा पडून मोडतं. जी टोकं भिंतीत होती ती याच रीतीनं तपासावीत आणि दाभणाला चिवट लाकूड लागेपर्यंत मागं मागं येत जावं.

चौथा उपाय उजेडाचा. संध्याकाळी दिवा घालवून बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. सरळ उजेडात न दिसणारी केसासारखी भेग, जुना उंचवटा, पीळ, सगळ्यांची सावली पडते. शिवाय फळीवर ओलं फडकं फिरवून ती वाळताना पाहत राहावं. भेगेत पाणी शिरतं आणि बाकीची फळी वाळली तरी भेगेची ओली रेघ मागं उरते.

पाचवा उपाय चुंबकाचा. बिघडलेल्या रेडिओच्या किंवा जुन्या स्पीकरच्या मागं चांगलं जोरकस चुंबक असतं. ते दोऱ्याला बांधून फळीवरून हळूहळू फिरवायचं. खिळा असेल तिथं ते ओढ घेतं. हे काम पाच वर्षांच्या मुलालाही देता येतं. मात्र खोल गेलेला बारीक खिळा चुंबकाला लागेलच असं नाही, आणि पितळेचा तर लागणारच नाही. म्हणून डोळ्यांनाही कामाला लावावं. बाभळीसारख्या तुरट लाकडात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो. लाकडातल्या तुरट द्रव्याची आणि लोखंडाची ती प्रक्रिया असते. असा डाग दिसला की खाली खिळा आहे असंच धरून चालावं.

शेवटचा उपाय टोक कापून पाहण्याचा. फळीच्या टोकाची अर्धा इंच जाडीची पट्टी कापावी आणि हातानं मोडून पाहावी. सहज मोडली आणि मोडलेली जागा आधीच मळकट असेल, तर तिथं जुनी भेग होती. ती नाहीशी होईपर्यंत अशाच पट्ट्या कापत जायचं. एक लक्षात ठेवावं, भेग जिथं संपलेली दिसते तिथं ती संपलेली नसते. दिसणाऱ्या शेवटाच्या पुढं आणखी इंचभर लाकूड सोडूनच माप धरावं.

भुंग्याची गोष्ट

वखारीतून आणलेल्या नव्या लाकडाचा सगळ्यात लबाड दोष म्हणजे भुंगा. खोडाच्या मधला गर्द भाग म्हणजे गाभा आणि सालीलगतचा फिका भाग म्हणजे रसाचं लाकूड. झाड आपला पिठूळ साठा या फिक्या भागात ठेवतं आणि नेमकं तेच या किड्याचं अन्न. मादी लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते, अळ्या आतल्या आत खात राहतात. बाहेरून काहीच कळत नाही. कित्येक महिन्यांनी किडा उडून जाण्यासाठी भोक पाडतो तेव्हा आपल्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं. म्हणजे भोक दिसलं तेव्हा भुंगा आला असं नव्हे, तो निघून गेलेला असतो. प्रश्न असतो तो आत अजून किती आहेत याचा.

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. फळीखाली काळा कागद अंथरून आठ-पंधरा दिवस ती हलवू नये. रोज सकाळी मुलानं कागद पाहावा आणि वहीत नोंद करावी. कागदावर मैद्यासारखी बारीक पांढुरकी पूड पडत राहिली तर आत वस्ती आहे. तो तुकडा पाटाला घ्यायचा नाही आणि घरातल्या इतर लाकडाजवळही ठेवायचा नाही. पूड नसून मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचं घर जमिनीत असतं, तेव्हा नुसती फळी बदलून भागत नाही.

बाभळीचं लाकूड वापरण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत आहे. तिच्यामागं हेच शहाणपण आहे. पाण्यात राहिल्यानं लाकडातला पिठूळ अंश कमी होतो आणि भुंग्याला खायला उरत नाही. तिफण, वखर, गाडीची चाकं घडवणाऱ्या सुतारांना हे पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. चाक भर पेरणीत मोडलं तर कुणब्याचा हंगाम हुकायचा. त्यामुळे लाकडाची परीक्षा हा त्यांच्या धंद्याचा कणा होता.

काही धोके

इथं थोडं थांबून सावधगिरीचं बोललं पाहिजे. जुन्या लाकडावर विजेची करवत किंवा कटर मुलाच्या हाती कधीही देऊ नये. हातकरवतीला खिळा लागला तर तिचे दात जातात. फिरत्या पात्याला लागला तर तुकडा उडून डोळ्यात जातो. खिळा काढताना, ठोकताना मोठ्यांनी आणि मुलांनी, दोघांनीही चष्मा लावावा. जुन्या दारं-खिडक्यांचा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रंगवलेली फळी मुलांच्या कामाला न घेणंच बरं. साध्या लाकडाचा भुसाही नाकातोंडात जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीची गणना कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. अंगणात काम करावं, नाकाला रुमाल बांधावा आणि झाडण्यापूर्वी पाण्याचा शिडकावा करावा.

पाइनच्या खोक्यांचं लाकूड हल्ली सर्वत्र मिळतं. परदेशातून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि त्याजवळ इंग्रजी अक्षरं असतात. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान तीस मिनिटं तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तसं खोकं मुलांच्या वस्तूंसाठी घेऊ नये.

मध्येच खोट निघाली तर?

एवढी झडती घेतली तरी एखादा दोष सुटतोच. रंधा मारता मारता खालून गाठ उघडी पडते, नाहीतर खिळा ठोकताना फळी चर्रकन उलते. मूल आपल्याकडं पाहतं. "बाबा, आता?" लाकूडकामाचा खरा धडा या क्षणी असतो.

अशा वेळी मोठी माणसं सहसा दोन गोष्टी करतात. एक तर "सरक, मी करतो" म्हणून हत्यार काढून घेतात. किंवा मूल झोपल्यावर भेगेत लांबी भरून, वरून रंग देऊन सकाळी "बघ, झालं की नीट" म्हणून दाखवतात. पहिल्यात मुलाला वाटतं की चूक आपली झाली. गाठ फळीत शंभर वर्षांपूर्वीची असेल, पण ओशाळं ते होतं. दुसऱ्यात ते शिकतं की दोष झाकला की संपला. मराठीत दोषाला खोट म्हणतात आणि असत्याला खोटं. दोन्ही शब्दांत एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि खोट झाकायला गेलं की ते अंतर राहत नाही.

त्यापेक्षा हत्यारं खाली ठेवावीत, पाणी प्यावं आणि दोघांनी मिळून तीन प्रश्न विचारावेत. या जागेवर वजन येणार आहे का? हा दोष वाढत जाणारा आहे का? हाताला, पायाला लागणारा आहे का?

तिन्ही उत्तरं 'नाही' असतील तर दोष तसाच ठेवावा. एकजीव झालेली गाठ पाटाच्या मध्यभागी असली तर ती शोभाच आहे. पायाला लागण्यासारखी बारीक फट असेल तर फेव्हिकॉलमध्ये त्याच लाकडाचा बारीक भुसा कालवून भरावा, वाळू द्यावा आणि पॉलिश पेपरनं घासावा. मेलेली गाठ असेल तर ती ठोकून काढावी आणि त्या भोकात त्याच जातीच्या लाकडाची गुल्ली चिकटवून बसवावी. ही गुल्ली मुलाला घासून घासून बेतू द्यावी. तासभर लागेल, लागू द्यावा.

वजनाच्या जागी दोष असेल तर मात्र भरणं म्हणजे फसवणूक. भुसा-फेव्हिकॉलचं मिश्रण फट बुजवतं, पण वजन पेलत नाही. खालच्या पट्टीच्या कडेला गाठ निघाली तर ती पट्टी बाद करावी. फळीवर मात्र एक तोड निघू शकते. माप थोडं सरकवून गाठ वाया जाणाऱ्या भागात टाकता येते, किंवा दीड फुटाचा पाट सव्वा फुटाचा करता येतो. आणि वाढती भेग, जिवंत भुंगा किंवा कुज असेल तर तो भाग कापूनच टाकावा. कापून उरलेला तुकडा लहान असला तरी वाया जात नाही. चांगल्या भागाचा मोबाइल ठेवायचा ठोकळा होतो, पोळपाटाखालचा पाया होतो, नाहीतर भिंतीवरची खुंटी होते. योजलेलं झालं नाही तर उरलेल्यातून काय होईल, हा विचार करायची सवय लागली तर ती पाटापेक्षा मोठी कमाई आहे.

निर्णय मुलाशी बोलून घ्यावा, आणि वजनाचा प्रश्न सोडला तर त्याचं म्हणणं शक्यतो मानावं. एखादी मुलगी म्हणेल, "आई, हे भोक नको बुजवू, इथं भुंगा राहत होता ना." राहू द्यावं. भोक जुनं आहे आणि खाली पूड पडत नाही एवढी खात्री मात्र करून घ्यावी.

ऋतूची खोड

एक दोष असा आहे, जो आज फळीत नसतो. तो आपणच पुढं निर्माण करतो. परभणीचा मे महिना आणि ऑगस्ट महिना आठवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता तीस टक्के असेल तर लाकडात मुरून राहणारा ओलावा सहा टक्क्यांच्या आसपास असतो. ऐंशी टक्के असेल तर तो सोळा टक्क्यांच्या घरात जातो. हिशेब केला तर सागाची एक फूट रुंदीची फळी उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात चार-पाच मिलिमीटर रुंद होऊ शकते. आता तिच्याखालच्या आडव्या पट्ट्या दोन्ही कडांना खिळे ठोकून, फेव्हिकॉल लावून पक्क्या केल्या, तर फळीला हलायला जागाच उरत नाही. पावसाळ्यात केलेला असा पाट उन्हाळ्यात आपोआप उलतो आणि आपण म्हणतो, लाकूडच खराब होतं.

उपाय सोपा आहे. पट्टी फळीला फक्त मधोमध पक्की करावी. कडेला खिळ्याऐवजी स्क्रू वापरावेत, आणि त्यांच्यासाठी पट्टीत पाडलेली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं थोडी लांबट ठेवावीत. म्हणजे फळी मागंपुढं सरकते आणि फाटत नाही. फळीच्या टोकाकडं पाहिलं की वर्तुळांचे तुकडे कमानीसारखे दिसतात. वाळताना ही कमान जणू सरळ व्हायला बघते आणि फळी त्या बाजूला वाकते. मुलाला टोक पाहून आधीच अंदाज करायला सांगावा आणि वर्षभरानं तो खरा ठरला का ते पाहावं. सागाची वर्तुळं तर इतकी स्पष्ट असतात, की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केला आहे. आपल्या माळवदाच्या फळीतही असे कित्येक पावसाळे दडलेले असतात.

हातानं शिकणं

मुलांनी हातानं काम करत शिकावं ही कल्पना काही नवी नाही. स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओटो सालोमन यांनी शिक्षकांना लाकूडकाम शिकवणारी संस्था चालवली. आपल्याकडं १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यातून नई तालीम उभी राहिली. दोन्ही ठिकाणी मुलाला सुतार करणं हा मुख्य हेतू नव्हता. पाटीवरचं गणित चुकलं तर ते चुकलं हे गुरुजींना सांगावं लागतं. लाकडावर माप चुकलं तर सांधा बसत नाही आणि मुलाला ते स्वतःच दिसतं. लपलेला दोष याच्याही पुढचा धडा देतो. इथं माप बरोबर असतं, कष्ट खरे असतात, कुणाचीच चूक नसते, आणि तरीही फळी उलते. आयुष्यात पुढं असं पुष्कळदा होणार असतं. अशा वेळी कुणावर न चिडता, काही न लपवता, उरलेल्यातून काय करता येईल हे पाहायचं असतं. ते बोलून शिकवता येत नाही. अंगणात आई-बाबांना तसं वागताना पाहिलं की येतं.

एकट्यानं जमणार नाही असं वाटलं तर गावातल्या सुतारकाकांना अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन बोलवावं. फळी हातात घेऊन ते काय पाहतात, कुठं वाजवतात, कुठं नख लावतात, हे मुलाला जवळून पाहू द्यावं. रंध्याचं मोठं काम त्यांनी करावं आणि मुलानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही द्यावीत. ही जाण आता थोड्या हातांत उरली आहे.

पाट पुरा झाला, जवसाच्या तेलाचा हात दिला, तो वाळला, की तो उलटा करावा. खालच्या बाजूला मुलाच्या हातानं पेन्सिलीनं लिहून घ्यावं: फळी कुठल्या घरातली, लाकूड कोणतं, केलं कुणी, तारीख काय. आणि शेवटच्या ओळीत हेही लिहावं, की गाठ कुठं आहे, गुल्ली कुठं बसवली आहे आणि खिळा कुठून काढला. पुढं कधी तो पाट दुरुस्त करायला घेणाऱ्याला झडती नव्यानं घ्यावी लागणार नाही.